मोठा हॉकी कोच नवा संघ निवडताना नेमकं काय बघतो?

डावा_हाफ (सोलापूर), रविवार रात्री ९.४०

गेले काही दिवस एक प्रश्न डोक्यातून जात नाही. इथं हॉकी खेळलेले आणि मन लावून बघणारे बरेच जण आहेत, म्हणून मांडतो.

टोकियो ऑलिंपिकची उपांत्य लढत आठवा. ३ ऑगस्ट २०२१. बेल्जियमनं आपल्याला ५-२ नं हरवलं, एकट्या हेंड्रिक्सनं तीन गोल घातले. त्या दिवशी बेल्जियमच्या ताफ्यात सहायक कोच म्हणून क्रेग फुल्टन होते. बेल्जियम पुढं सुवर्ण घेऊन गेला. त्याआधी २०१८ चा विश्वचषकही त्यांनीच जिंकला होता, आपल्याच भुवनेश्वरात. म्हणजे तेव्हाचा जगातला सगळ्यात घडी बसलेला संघ. आणि मार्च २०२३ मध्ये हा माणूस कुणाचा मुख्य कोच होतो? भारताचा. जो भारत दोनच महिन्यांपूर्वी घरच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीही गाठू शकला नव्हता. जिथं २००९ पासून ब्रासा, नॉब्स, वॉल्श, व्हॅन आस, ओल्टमन्स, मारिन, हरेंद्रसिंग, रीड असे कोच एकामागून एक येऊन गेले होते. आणि पॅरिस ऑलिंपिकला उरले होते सोळा महिने.

का आला असेल? पुढं पदक मिळालं हे आज आपल्याला माहीत आहे, त्याला तेव्हा माहीत नव्हतं. मला त्या आधीच्या घडीबद्दल बोलायचंय. करार समोर आहे, सही व्हायची आहे, तेव्हा कोचच्या मनात काय चालत असेल?


सात_रस्ता, रविवार रात्री १०.०५

सर, पैसा हाय की. यात लाजायचं काय? हॉकीत फुटबॉलसारखा पैसा न्हाई. युरोपात क्लबचा कोच म्हणजे कितीतरी ठिकाणी अर्धवेळ काम. आपल्याकडं पूर्णवेळ नोकरी, परदेशी कोचचा पगार साई, म्हंजे भारतीय क्रीडा प्राधिकरण, देतं, २०१८ पासून ओडिशा सरकार संघाच्या पाठीशी हाय. कोच झाला म्हणून त्याला घर न्हाई का? पोरांची शाळा न्हाई का? मी चादरीच्या दुकानात काम करलालोय. शेजारच्या दुकानानं महिन्याला दोन हजार जास्त दिले तर मीबी जाईन, आणि त्यात मला काय चूक वाटत न्हाई.


पर्थहून_सोलापूरकर, सोमवार पहाटे ५.१५

दादा, तुमचं अर्धं पटलं. पैसा नसेल तर माणूस थांबत नाही, हे खरंच. सिगफ्रिड आइकमन यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत जपानच्या पुरुष संघाला सुवर्ण मिळवून दिलं. नंतर ते पाकिस्तानकडे गेले. तिथं महिनोन्महिने पगार थकला, शेवटी सोडून गेले. इतका कसलेला माणूस, पण घर तर चालायला हवं.

पण पैसा आहे म्हणून कोच येतोच, असं मला वाटत नाही. मी पर्थला राहतो. ऑस्ट्रेलियाच्या हॉकी संघाचं वर्षानुवर्षांचं घर हे. इथल्या क्लबात म्हातारी माणसं सामन्यानंतर बसतात, त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी येते: खेळाडू माझ्या हाताखाली वर्षातले किती दिवस असणार? हॉलंड-जर्मनीत खेळाडू क्लबचा. लीग चालू असताना राष्ट्रीय कोचला तो तुकड्या-तुकड्यांनी मिळतो. भारतात बंगळूरूच्या साई केंद्रात संघ महिनोन्महिने एकत्र राहतो. एखादी सवय मोडून दुसरी लावायची तर रोजचा सराव लागतो. ज्याला घडवायची हौस आहे, त्या कोचला भारतासारखी संधी फार थोड्या देशांत मिळते.

इथं रिक चार्ल्सवर्थ यांचं नाव घेतल्याशिवाय हॉकीच्या गप्पा संपत नाहीत. डॉक्टर, खासदार, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेट, १९७६ च्या ऑलिंपिकचं रौप्य. १९९३ मध्ये महिला संघ हाती घेतला आणि १९९६, २००० ची दोन्ही ऑलिंपिक सुवर्णं आणि १९९४, १९९८ चे दोन्ही विश्वचषक आणले. मग २००९ मध्ये पुरुष संघ घेतला आणि २०१० व २०१४ चे विश्वचषक जिंकले. पैशासाठी त्यांना हॉकीची गरज होती असं कोण म्हणेल?


रेल्वे_लाइन्स, सोमवार सकाळी ७.३०

पर्थवाल्या बाळा, चार्ल्सवर्थांची गोष्ट तू अर्धवट सोडलीस. मधली मी सांगतो, कारण ती आपल्याशी संबंधित आहे.

मार्च २००८. चिलीत सँटियागोला ऑलिंपिक पात्रता स्पर्धा. अंतिम सामन्यात ब्रिटननं आपल्याला २-० नं हरवलं. १९२८ पासून भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकला नाही असं कधी झालं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. मी तेव्हा नोकरीत होतो. रात्रपाळी करून घरी आलो, बातमी कळली आणि आंघोळ न करता तसाच ओट्यावर बसून राहिलो. माझे वडील रेल्वेच्या मैदानावर अनवाणी खेळलेले. त्यांना सांगायचं कसं, हेच समजेना.

त्या काळात चार्ल्सवर्थ भारतात होते! तांत्रिक सल्लागार म्हणून आणलं होतं. जगातला सर्वांत मोठा कोच आपल्या दारात, आणि त्याच्या हातात संघ नाही, निर्णय नाही. काही महिन्यांत राजीनामा देऊन गेला. परत जाऊन त्यानं ऑस्ट्रेलियाला दोन विश्वचषक जिंकून दिले, त्यातला पहिला २०१० साली दिल्लीत, आपल्याच मैदानावर.

टेरी वॉल्शचं तेच. २०१४ मध्ये इंचिऑनला पाकिस्तानला शूटआउटवर हरवून आशियाई सुवर्ण, रिओ ऑलिंपिकचं थेट तिकीट. संघ वर निघालेला. आणि पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरात, अधिकारावरून मतभेद होऊन माणूस बाहेर. जिंकूनही गेला. पैसा आणि पदकच बघायचं असतं तर तो थांबला असता.

म्हणून माझं उत्तर: कोच आधी बघतो की इथं माझा शब्द चालेल का. बाकी सगळं नंतर.


गोलपोस्टपासून, सोमवार दुपारी १.१०

काका, तुमचं वाचून पोटात कालवलं.

मी शाळा-कॉलेजात गोलकीपर होते, आता घर आणि शिकवण्या. मला मात्र या चर्चेत महिला संघ कुठं दिसत नाही, म्हणून लिहिते. शोर्ड मारिन २०१७ मध्ये आपल्या मुलींचे कोच म्हणून आले. काही महिन्यांत त्यांना पुरुष संघाकडे पाठवलं, २०१८ मध्ये परत मुलींकडे. दुसऱ्या कुणाला हा अपमान वाटला असता. ते राहिले. टोकियोत पहिले तीन सामने हरले, तरी संघ विस्कटला नाही, ऑस्ट्रेलियाला १-० नं हरवून उपांत्य फेरीत गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनकडून ४-३. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाकरी तव्यावर विसरले. जळलेला वास येईपर्यंत आपली गोलकीपर सविता पुनिया हिच्याकडेच बघत होते.

काय दिसलं असेल त्यांना या मुलींत? मला वाटतं, न मागितलेली ताकद. म्हणजे असं की, या मुलींकडून कुणी फार अपेक्षाच केली नव्हती. जिथं अपेक्षा कमी आणि कुवत जास्त, तिथं चांगल्या शिक्षकाचे हात शिवशिवतात. शिकवण्या घेते म्हणून सांगते. पहिल्या नंबरच्या मुलाला शिकवण्यात मला तेवढी ओढ नसते.

आणि अ‍ॅलिसन अ‍ॅनन बघा. खेळाडू म्हणून चार्ल्सवर्थांच्याच हाताखाली दोन ऑलिंपिक सुवर्णं. कोच म्हणून नेदरलँड्सच्या मुलींना टोकियोत सुवर्ण. ते पद सुटल्यावर २०२२ मध्ये त्या कुठं गेल्या? चीनकडे. टोकियोत जो चीन उपांत्यपूर्व फेरीतही नव्हता. दोन वर्षांत पॅरिसचा अंतिम सामना, आणि समोर नेदरलँड्स! १-१ बरोबरी, शूटआउटवर हार. रौप्यपदक घेणाऱ्या त्या चिनी मुलींकडे बघताना मला वाटलं, या बाईंना काय हवं होतं ते आता समजलं.

दुसरी बाजूही लिहायला हवी. मारिन यांच्यानंतर यानेके शॉपमन आल्या. २०२४ मध्ये रांचीत ऑलिंपिक पात्रता हुकली, त्यानंतर त्यांनी पद सोडलं, आणि या देशात एका बाईला कोच म्हणून मान मिळवणं किती अवघड गेलं तेही बोलून दाखवलं. मी ते दोनदा वाचलं. कोच संघ निवडताना हेही बघत असेल की तिथं आपल्याला माणूस म्हणून कसं वागवतील.


पूर्वभाग, सोमवार रात्री ८.५०

हॉकीतलं मला तुमच्याएवढं समजत नाही. पण हा प्रश्न मला ओळखीचा वाटला.

आमच्या घरात दोन पिढ्या माग चालले. वडील जेकार्ड, म्हणजे नक्षी विणणारं यंत्र, मागावर बसवण्यात वाकबगार. नव्या कारखान्यातून बोलावणं आलं की आई विचारायची, किती देणार? वडील आधी कारखान्यात जाऊन यायचे. चालू मागाजवळ उभे राहून नुसता आवाज ऐकायचे. सूत कुठलं येतं, ताण्याचा बीम कोण भरतं, नक्षी कोण ठरवतं, एवढं विचारायचे. बिघडलेला माग असला तर त्यांना चालायचं. उलट त्यांचे डोळे चमकायचे, कारण दुरुस्त कसा होईल ते त्यांना तिथंच दिसलेलं असायचं. पण मालक दर तासाला येऊन नक्षीची कार्डं बदलायला लावणारा निघाला, की दुसऱ्या दिवशी ते जात नसत. मग मजुरी कितीही असो.

फुल्टन यांनी भारताचा माग आधीच ऐकला होता, असं मला डावा_हाफ सरांची पहिली पोस्ट वाचून वाटलं. समोरच्या बाजूनं.


डावा_हाफ, सोमवार रात्री ९.३५

पूर्वभाग, तुम्ही जे बोललात ते मी आठवडाभर शोधत होतो.

समोरच्या बाजूनं! त्या उपांत्य सामन्यात आपण सर्कलमध्ये चुका करत गेलो आणि बेल्जियमला एकामागून एक पेनल्टी कॉर्नर देत गेलो. तिसऱ्या सत्रापर्यंत २-२ होतं, सामना शेवटच्या पंधरा मिनिटांत गेला. प्रतिस्पर्ध्याचा सहायक कोच आपल्या संघाचा जेवढा बारीक अभ्यास करतो, तेवढा कधीकधी आपला माणूसही करत नाही, कारण हरवायचं तर दुखरी जागा शोधावीच लागते. आणि भारतात आल्यावर फुल्टन यांनी घोष कशाचा लावला? जिंकण्यासाठी बचाव. आधी गोल खायचे थांबवा, मग बाकीचं. पॅरिसला ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. उरलेला जवळपास सगळा सामना दहा जणांनी १-१ असा धरून ठेवला आणि शूटआउटवर ४-२ नं काढला. २०२१ चा आपला संघ हे करू शकला असता का? मला शंका आहे.

शिवाय हाती काय होतं तेही बघा. गोलात श्रीजेश, ड्रॅगफ्लिकला (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू गोलात जोरात फेकायला) हरमनप्रीत, मधल्या फळीत हार्दिक आणि मनप्रीत. गोलकीपर आणि ड्रॅगफ्लिकर या दोन जागा सोळा महिन्यांत तयार होत नाहीत, त्या आयत्या लागतात. त्या होत्या. जे नव्हतं ते त्याला शिकवता येत होतं. आयर्लंडमध्ये त्यानं हेच केलेलं. नोकरी-शिक्षण सांभाळून खेळणारी बहुतेक मुलं, आणि २०१६ ला तो संघ १०८ वर्षांनी ऑलिंपिकला गेला.


रेल्वे_लाइन्स, सोमवार रात्री १०.००

सगळं मान्य. फक्त एक टोचणी आहे. परदेशी कोचनं आपल्याला निवडलं याचं कौतुक करताना हरेंद्रसिंगांना विसरू नका. २०१६ ला लखनौत ज्युनियर विश्वचषक, अंतिम सामन्यात बेल्जियमला २-१. हरमनप्रीत त्याच संघातला. घरचा कोच संघ निवडत नाही, त्याला जो दिला तो तो घेतो. त्याची प्रेरणा काय, यावर कुणी कधी धागा काढत नाही.


सात_रस्ता, सोमवार रात्री १०.२०

काका बरोबर बोललालेत.

पण सर, एक विचारू? हे आत्ताच का काढलाव? तुमच्याकडं काय तरी चाललंय असं वाटलालंय.


डावा_हाफ, मंगळवार पहाटे ४.५०

रात्री लिहायचं टाळलं, आता लिहितो.

मी चौदा वर्षं एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. मुलींची हॉकी घेतो. शाळेचं नाव नको. मैदान मुरमाचं, पाऊस पडला की चार दिवस बंद. पहिल्या वर्षी सात मुली आणि पाच स्टिक होत्या. आता सतरा वर्षांखालील संघ दोनदा विभागीय फेरीपर्यंत गेला. आमचा पुणे विभाग, म्हणजे समोर टर्फवर (कृत्रिम गवतावर) रोज सराव करणाऱ्या मुली. आमच्या मुली वर्षातून एकदा पुण्यात बालेवाडीला जातात तेव्हा टर्फवर पाय ठेवतात. पहिली दहा मिनिटं चेंडू एवढा वेगानं येतो की त्या नुसत्या बघत राहतात. गेल्या वेळी ०-४ नं हरलो, त्यातले तीन गोल पहिल्या सत्रातले. नंतरच्या तीन सत्रांत फक्त एक. परतीच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये माझी सेंटर हाफ कुर्डुवाडीपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, सर, आपल्याला तिथं एक दिवस आधी नेता आलं असतं तर?

गेल्या वर्षीपासून शाळेनं सकाळचं मैदान दुसऱ्या खेळाच्या शिबिराला दिलं. संघ कोण निवडणार यातही आता समितीतले लोक बोलतात. आणि महिन्यापूर्वी पुण्याकडच्या एका खासगी अकादमीतून फोन आला. टर्फ आहे, पगार दुप्पट. आठवड्याभरात उत्तर द्यायचंय.

फुल्टनबद्दल विचारत होतो ते खरंच त्यांच्याबद्दल होतं. पण स्वतःसाठीही होतं.


गोलपोस्टपासून, मंगळवार सकाळी ६.२०

सर, तुमच्या मुलींपैकी एक माझ्या शिकवणीला येते. ती गोलकीपरचे पॅड घरी धुऊन गच्चीवर वाळत घालते. एवढंच सांगते, त्याचं ओझं तुमच्यावर टाकत नाही. तुम्ही गेलात तरी तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही.


पर्थहून_सोलापूरकर, मंगळवार सकाळी ८.००

सर, गेलात तर सोलापूरच्या मुलींना पुढं तिथं नेताही येईल. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके भारताकडून खेळली. गावातच राहून ती तिथवर पोचली नसती. टर्फ लागतोच. पण सही करायच्या आधी एक करा. तुमच्या आधी तिथं कोच कोण होता आणि का गेला, ते शोधा. भारताच्या आधीच्या कोचांना विचारल्याशिवाय फुल्टन आले असतील असं मला वाटत नाही.


पूर्वभाग, मंगळवार सकाळी ९.१५

आणि मागाचा आवाज ऐकून या. न सांगता.


डावा_हाफ, शनिवार रात्री ८.३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. झालं ते सांगतो.

गुरुवारी रजा टाकून गेलो. कुंपणाबाहेर उभा राहून दोन तास सराव बघितला. टर्फ सुंदर आहे. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू घासत जातो तो आवाज ऐकला आणि खरं सांगतो, हात शिवशिवले. मुलंही चांगली आहेत, पण खांद्याच्या वर बघत नाहीत, पास द्यायच्या आधी मान उचलत नाहीत. सहा महिन्यांत हे बदलता येईल असं तिथंच वाटलं.

मग आत गेलो. त्यांना विचारलं, संघ कोण निवडणार? म्हणाले, तुम्हीच, अर्थात पालकांशी बोलून. किती वर्षांचा करार? एक, पुढचं पुढं. आधीचे कोच का गेले? यावर चहा मागवला गेला. त्या कोचचा नंबर मी दुसऱ्याकडून मिळवला आणि संध्याकाळी स्टेशनवरून फोन केला. चांगला माणूस. तुटक बोलला. जास्त फी भरणाऱ्याचा मुलगा बाहेर बसवला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं यायचं, एवढं म्हणाला.

मी नकार कळवला. दुप्पट पगाराला नाही म्हणताना हात थरथरले, बायकोला विचारूनच कळवलं. तिनं एकच विचारलं, इथं तरी तुमचा शब्द चालतो का? त्यावर मी रात्रभर जागा होतो.

म्हणून आज सकाळी मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. सकाळी साडेपाच ते सात अर्धं मैदान, संघनिवड माझी एकट्याची, आणि विभागीय सामन्याआधी एक दिवस बालेवाडीला मुक्काम. हे नसेल तर जूनपासून मी हॉकी घेणार नाही, असं सांगितलं. मैदान आणि निवड त्यांनी लगेच मान्य केली, लेखी देते म्हणाल्या. मुक्कामाच्या खर्चाचं समितीपुढं ठेवणार आहेत.

गोलपोस्टपासून ताई, सोमवारपासून साडेपाचला सराव आहे. गोलकीपर दोन आहेत आणि पेनल्टी कॉर्नरला दोघी मागे सरकतात, हे मला चौदा वर्षांत नीट शिकवता आलेलं नाही. आठवड्यातून दोन सकाळी येता येईल का?


गोलपोस्टपासून, शनिवार रात्री ८.४१

मंगळवार आणि शुक्रवार. माझे जुने पॅड माळ्यावर आहेत, ते घेऊन येते.